विसाव्याचे मोल

हुतूतूचा खेळ तुम्ही सर्वांनी खेळलेला किंवा निदान पाहिलेला असेल. या खेळाचे तीन जुने प्रकार प्रसिद्ध आहेत. 'संजीवनी' या प्रकारात बाद झालेला गडी, त्याच्या पक्षाने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, की पुन्हा मैदानात उतरतो. 'गामिनी' या प्रकारात बाद झालेल्या गड्याला, एका पक्षाचे सर्व गडी बाद होईपर्यंत, बाहेरच बसावे लागते. 'अमर' या प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही. केवळ प्रतिपक्षाला गुण मिळतो. मैदान तेच, दम तोच आणि गडीही तेच. परंतु गेलेले बळ परत कसे मिळावे, याविषयीचा एक नियम बदलला, की खेळण्याची सारी रीतच बदलते.

हा नियम कसा करावा, याचा फार बारकाईने विचार झाला आहे तो एका बैठ्या खेळात. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारपाच मित्र एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. इतर मित्र त्या जगातील एकेक पात्र होतात. कोणी योद्धा होतो, तर कोणी मांत्रिक. प्रत्येक जण आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. प्रत्येक पात्राचे प्राणबळ आकड्यांनी लिहून ठेवलेले असते. घाव बसला, की ते कमी होते. मांत्रिकाजवळ मोजकेच मंत्र असतात. ते वापरले, की विश्रांती घेईपर्यंत परत मिळत नाहीत.

आता प्रश्न असा, की हे बळ परत कधी व किती मिळावे? १९७९ साली सूत्रधारासाठी निघालेल्या ग्रंथात नियम मोठा कडक होता. जखमी पात्राने दिवसभर विश्रांती घेतली, की प्राणबळाचा अवघा १ अंक परत मिळे. पूर्ण बरे होण्यास सलग ४ आठवड्यांपर्यंत विश्रांती लागे. १९८१ सालच्या प्राथमिक नियमपुस्तकात भुयारातील वेळ दहा दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी मोजलेला आहे. मशाल ६ फेऱ्यांत विझे. दर दोन फेऱ्यांनी सूत्रधार फासा टाकी, आणि १ पडला, की भटकता राक्षस समोर उभा राही. म्हणजे भुयारात नुसते बसून राहणेही महाग पडे. याउलट २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने विश्रांती सोपी केली. किमान १ तासाच्या लहान विश्रांतीने थोडे बळ मिळते. ८ तासांच्या दीर्घ विश्रांतीने सारे प्राणबळ आणि मांत्रिकाचे मंत्र परत येतात. मात्र अशी दीर्घ विश्रांती २४ तासांत एकदाच घेता येते.

विश्रांती सोपी झाली, की सर्वांची सोय झाली, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. मांत्रिकाचे मंत्र संपतात, योद्ध्याची तलवार मात्र संपत नाही. प्रत्येक लढाईनंतर लगेच निजता येत असेल, तर मांत्रिक आपले सर्व मंत्र पहिल्याच लढाईत उधळून टाकतो. शत्रू क्षणात गारद होतो आणि योद्धा झालेला मित्र हात बांधून बसून राहतो. दिवसभर टिकून राहणे हा त्याचा विशेष. पण दिवस एकाच लढाईत संपला, तर तो विशेष दिसणार कोठे? पाचव्या आवृत्तीच्या रचनाकारांनी एका दिवसात ६ ते ८ चकमकी होतील, असे गृहीत धरले होते. जेथे एकच चकमक होते, तेथे तो तोल ढळतो. विश्रांतीचा नियम हा असा मित्रामित्रांतील न्यायाचा प्रश्न आहे.

यावर निरनिराळे उपाय योजले गेले. पाचव्या आवृत्तीतच एक पर्यायी नियम दिलेला आहे. त्यात लहान विश्रांती ८ तासांची आणि दीर्घ विश्रांती ७ दिवसांची होते. २०१३ साली निघालेल्या 'थर्टीन्थ एज' या खेळात बळ परत येणे हे निजण्यावर अवलंबूनच नाही. साधारणतः चार लढाया झाल्यावर ते पूर्ण परत येते. त्याआधीच हवे असेल, तर मोहिमेत काही तरी गमवावे लागते.

तथापि नियम कडक केला, की काम झाले, असे मात्र समजू नये. एखादे पात्र महिनाभर अंथरुणाला खिळून राहिले, तर ते पात्र ज्याचे, त्या मित्राने तोवर काय करावे? शिवाय बळ परत मिळण्याची आशाच नसेल, तर कोणी साहस करावयास धजणार नाही; सारे दाराशीच घुटमळत राहतील.

सर्वांत साधा उपाय सूत्रधाराच्याच हाती असतो. समजा, शत्रूच्या गढीत एक कैदी आहे आणि पहाटे पाच वाजता त्याला दूर नेणार आहेत. आपले चार सोबती रात्री अकरा वाजता, एक लढाई करून, थकून गढीच्या तळघरात पोहोचले आहेत. ८ तास निजावे, तर सकाळचे सात वाजतील आणि कैदी हातचा जाईल. १ तास बसावे, तर बारा वाजतील; थोडे बळ येईल, पण मंत्र मिळणार नाहीत. तसेच पुढे जावे, तर वेळ हाती राहील; पण जखमी योद्धा पहिल्या घावातच कोसळेल. कोणीही डोळे मिटून उत्तर देऊ शकत नाही. चौघांना एकमेकांचे ऐकावे लागते, उरलेले बळ मोजावे लागते आणि मग निर्णय घ्यावा लागतो. येथे नियम एका अक्षरानेही बदललेला नाही. केवळ विसाव्याला मोल आले.

पुढे कधी तुम्ही स्वतः एखादा खेळ रचाल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा. विसावा घेतल्याने काय मिळते? त्यासाठी काय द्यावे लागते? आणि त्यामुळे एखादा सोबती खेळाबाहेर तर पडत नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तोल असेल आणि तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असे असेल, तर तो नियम चांगला समजावा. मग कागद, पेन्सिल आणि दोन फासे घेऊन तो सोबत्यांसह खेळून पाहावा. कारण नियमाची खरी परीक्षा कागदावर होत नाही, ती खेळताना होते.