फिलिपाईन्सच्या नजरेतून अमेरिका

बलाढ्य राष्ट्राविषयी लहान राष्ट्राच्या मनात कृतज्ञता वसते की रोष, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. फिलिपाईन्सचा इतिहास पाहिला म्हणजे हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो.

अमेरिकेने या द्वीपराष्ट्रास ४ जुलै १९४६ रोजी स्वातंत्र्य दिले. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिनही तोच. परंतु १९६२ साली अध्यक्ष माकापागाल यांनी १२ जून हा राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन ठरविला. स्पेनविरुद्ध उठलेल्या आगिनाल्दो यांनी १८९८ साली त्याच दिवशी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. दुसऱ्याने दिलेल्या तारखेहून आपण स्वतः उच्चारलेली तारीख अधिक प्रिय वाटावी, यात नवल ते काय?

त्या घोषणेस अमेरिकेने मान्यता दिली नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिस येथे तह झाला व स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. ज्यांच्या भूमीचा हा व्यवहार, त्यांस त्या बैठकीत स्थान नव्हते. १८९९ च्या फेब्रुवारीत नव्या धन्याशी युद्ध जुंपले. १९०१ साली सामार बेटावरील बालांगिगा येथे गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला करून चाळीसांहून अधिक सैनिक ठार केले. त्याचा सूड म्हणून बेटावर जाळपोळ व कत्तल झाली, आणि तेथील चर्चच्या तीन घंटा विजयचिन्ह म्हणून नेण्यात आल्या. त्याच वर्षी ‘थॉमस’ जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिला बंदरी उतरले. ज्या सत्तेने गावे जाळली, तिनेच गावोगाव शाळा काढल्या.

दुसऱ्या महायुद्धात बाटान येथे उभय देशांचे सैनिक जपानशी खांद्यास खांदा लावून लढले. तथापि १९४६ साली युद्धहानीची पाचशे डॉलरांवरील भरपाई देताना अमेरिकेने अट घातली, की खाणी, जंगले इत्यादी संपत्तीत अमेरिकनांस समान हक्क मिळावेत. त्यासाठी नव्या राष्ट्रास आपली घटना बदलावी लागली. १९४७ साली लष्करी तळही नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने द्यावे लागले. पुढे ही मुदत कमी करण्यात आली, आणि ती संपत आली तेव्हा १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपाईन्सच्या सिनेटने नवा करार बारा विरुद्ध अकरा मतांनी फेटाळला. दुसऱ्या वर्षअखेर सुबिकचा तळ रिकामा झाला.

एका मताचे हे अंतर बोलके आहे. पुढे दक्षिण चीन समुद्रात चीनचे दडपण वाढले, तेव्हा याच राष्ट्राने २०१४ साली अमेरिकन सैन्यास आपल्या तळांवर येण्याची मुभा दिली. मात्र तळांची मालकी स्वतःकडे राखली. यात चंचलपणा नाही. साह्य हवे, पण स्वामित्व नको, हीच भूमिका दोन्ही प्रसंगी दिसते.

बालांगिगाच्या घंटा २०१८ च्या डिसेंबरात, एकशे सतरा वर्षांनी, गावी परतल्या. त्यांच्या धातूचे मोल ते किती? परंतु नेलेली वस्तू परत देणे म्हणजे समोरच्याचा मान ओळखणे होय. बलाढ्य राष्ट्राने आपणांस विचारात घ्यावे, एवढीच लहान राष्ट्राची अपेक्षा असते. आणि तेवढेच देणे बलाढ्यास फार जड जाते.