पिल्लू हवंय? मग ऑफिसला कोण जाणार?

धरमपेठेत वन बीएचके, मिहानमध्ये नोकरी आणि घरी वाट बघणारं कुणी नाही. कुत्रा आणायचा तर सोसायटी कुरकुर करते, मांजर आईला चालत नाही. अशात एखाद्या रविवारी मोबाईलवर व्हिडिओ येतो. तळहातावर बसलेलं, अर्धीमुर्धी पिसं फुटलेलं, मान वर करून खाऊ मागणारं कॉकटीलचं पिल्लू. खाली विकणाऱ्याचा मेसेज : हॅण्डफीडिंग बेबी, स्वतः भरवा, जन्मभर तुमचंच होईल!

मग संवाद साधारण असा होतो.

"भाऊ, मी कधी पक्षी पाळला नाही. जमेल नं?"

"काही नाही जी, पावडर गरम पाण्यात कालवायची नं सिरिंजने द्यायची. बस्स!"

त्या 'बस्स'मध्येच सगळी गोम आहे. पावडर कालवायची, पण किती गरम पाण्यात? खाऊ साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअस हवा. त्याहून बराच गरम झाला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी, जिला पाळणारे 'क्रॉप' म्हणतात, ती आतून भाजते. जखम कधीकधी काही दिवसांनी कातडीला भोक पडल्यावरच दिसते. गार झाला तर अन्न तिथेच साचून आंबतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर एक घास कोमट आणि दुसरा चटका देणारा, म्हणजे बोट बुडवून बघण्यात काही अर्थ नाही, थर्मामीटरच लागतो. आणि सिरिंज जरा चुकीच्या कोनात गेली किंवा घाईत दाबली गेली की खाऊ श्वासनलिकेत. मग पिल्लू डॉक्टरकडे पोचेपर्यंत टिकेलच असं नाही, आणि पक्ष्यांचं नीट कळणारा डॉक्टर रविवारी संध्याकाळी शोधून बघाच एकदा.

आता वेळेचं गणित. तीन-चार आठवड्यांच्या कॉकटीलला दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं. तुम्ही सकाळी नऊला निघता, संध्याकाळी सातला परत. मधले दोन घास कोण देणार? मोठ्या जातींचं तर विचारूच नका. आफ्रिकन ग्रे पूर्णपणे स्वतः खायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात, मकाव त्याहून जास्त वेळ घेतो. त्यातून शेवटचा टप्पा सगळ्यात फसवा. पिल्लू दाणे फोडतं, चोचीत घोळवतं, आपल्याला वाटतं खातंय. पोटात मात्र काहीच जात नाही. रोज वजन केलं नाही तर ते उपाशी आहे हे कळतच नाही.

पण हाताने भरवल्याशिवाय ते माणसाळत नाही ना? हा या धंद्यातला सगळ्यात लाडका समज. 1999 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ॲमेझॉन पोपटांची पिल्लं आईबापांकडेच वाढू दिली, फक्त नियमित थोडा वेळ हाताळली. तीही छान माणसाळली. म्हणजे जीव लागतो तो सहवासाने, सिरिंजने नव्हे.

मग लहान पिल्लं विकतात तरी का? कारण सोपं आहे. पिल्लू लवकर उचललं की जोडी लवकर पुन्हा अंडी घालते, आणि पुढच्या कित्येक आठवड्यांची मेहनत, पावडरचा खर्च आणि मरण्याची जोखीम गिऱ्हाईकाच्या डोक्यावर. म्हणूनच ते स्वस्त मिळतं! शिकाऊ माणसाला सगळ्यात अवघड काम देऊन वर त्याला 'बॉण्डिंग' म्हणायचं, हे मला तरी सरळ फसवणूक वाटते. सगळेच असे नसतात, हेही खरं. काही ब्रीडर पिल्लू स्वतः खायला लागल्याशिवाय हातात देतच नाहीत.

हे झालं परदेशी पक्ष्यांचं. आपला हिरवा राघू किंवा मोठा पहाडी पोपट कुणी पाटीत घालून आणला, तर प्रश्न नैतिकतेचा उरतच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विकणंही गुन्हा आणि पाळणंही. एप्रिल 2023 पासून दोन्ही जाती कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आजीकडे तर होता' हे कोर्टात चालत नाही. असं पिल्लू सापडलं तर वनखात्याला कळवा. धरमपेठेपासून जवळच सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

आफ्रिकन ग्रेसारख्या जातींची 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकटील आणि बजरीगर (ज्याला आपण उगाच लव्हबर्ड म्हणतो) यांना ती लागत नाही, म्हणून तिथे तर कुणी काही विचारतच नाही.

विचारायचं तुम्हीच. "ॲडव्हान्स आत्ता घ्या, पिल्लू स्वतः खायला लागलं की मी घेऊन जातो. अधूनमधून बघायला आलो तर चालेल?" चांगला ब्रीडर लगेच हो म्हणेल, वजनाचे आकडेही पाठवत राहील. दुसरा म्हणेल, "तसं नाही जमत जी, मग भाव वाढेल."

वाढू द्या. ती मधल्या आठवड्यांची मजुरी आहे.