पांढऱ्या वाघाचा हिशेब

मुंबईजवळच्या काशीगावच्या पूर्वेला दिसणारे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे. या उद्यानात २०१९ पर्यंत बाजीराव नावाचा पांढरा वाघ होता. डोंगराच्या अलीकडे, इमारतींमधून, मुलं पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक प्राण्यांच्या जोड्या लावून अंड्यातून वेगळ्या रंगाचं पिल्लू निघायची वाट बघतात. दोन्हीकडे मोल दुर्मीळ रंगालाच. पण पोकेमॉनमध्ये हा रंग मिळवायची जी युक्ती, तिच्या नेमक्या उलट वाटेने पांढरा वाघ जन्माला येतो.

पोकेमॉनच्या २०१३ पासूनच्या खेळांत निराळ्या रंगाचा, म्हणजे ‘शायनी’ प्राणी ४०९६ तून एकदा येतो. जोडीतला एक प्राणी दुसऱ्या भाषेतल्या खेळातून आणला, तर हीच शक्यता ६८३ ला एक होते. या युक्तीला खेळाचे एक निर्माते ज्युनिची मासुदा यांचं नाव आहे. थोडक्यात, सोयरीक जितकी परकी तितकं नशीब बरं. आता रेवा संस्थानचा हिशेब बघा. १९५१ मध्ये महाराज मार्तंडसिंह यांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. बेगम या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेले सगळे बछडे पिवळे निघाले, कारण पांढरेपणाचं जनुक अप्रभावी आहे. ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतं, एकाकडून आलं तर दडून राहतं. मग मोहनचा संबंध त्याच्याच मुलीशी, राधाशी, घडवून आणला. तिच्या अंगात ते जनुक दडलेलं होतंच, त्यामुळे दर बछडा पांढरा निघण्याची शक्यता दोनात एक झाली. १९५८ मध्ये चार बछडे झाले आणि चारही पांढरे, म्हणजे सोळातून एकदा साधावा असा योग. यात नवं म्युटेशन कुठेच घडलं नाही. जे घरात होतं तेच नात्यात लग्न लावून बाहेर काढलं.

म्युटेशन निसर्गातही योगायोगानेच होतं, मग खेळातल्या फाशात चूक काय, असं कुणी विचारेल. चूक अशी की खेळ जनुकातला बदल ‘घडणं’ आणि तो ‘दिसणं’ एकच धरतो. समजा, एखादं दडलेलं जनुक शंभरात एक या प्रमाणात पसरलं आहे. परक्या जोडीच्या पिल्लात ते दहा हजारांत एकदा दिसेल, बाप-लेकीच्या पिल्लात साधारण ३८८ त एकदा. आणि हे गणित फक्त रंगाला लागू नाही. रक्तात दडलेल्या प्रत्येक व्याधीलाही तेच लागतं.

याहून वजनदार आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे. २०१३ मध्ये पांढरेपणाचं मूळ एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका छोट्या बदलात सापडलं. मोठे पांढरे वाघ जंगलात आढळत असत, तेव्हा पांढऱ्या वाघांच्या व्याधींत दोष रंगाचा नसून नात्यातल्या पैदाशीचा, असं त्या संशोधकांचं म्हणणं. ते बरंचसं पटतं. या वाघांच्या तिरळेपणाचा संबंध मात्र रंगद्रव्याच्या उणिवेशी जोडला जातो, म्हणून रंगाला पूर्ण निर्दोष ठरवायला मी धजणार नाही. पण रंग निर्दोष मानला तरी तो पिढ्यान्‌पिढ्या हमखास हवा असेल तर नात्यातली जोडी हाच सोपा मार्ग उरतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये अशी मुद्दाम पैदास आपल्या सदस्यांना बंद केली, ती उगाच नव्हे.

माणसाने मुद्दाम जोडी न लावताही दुर्मीळ रंग असा बाहेर येतो. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये पट्टे एकमेकांत मिसळून काळपट दिसणारे वाघ आहेत. २०२१ च्या अभ्यासात तिथल्या सुमारे ३७ टक्के वाघांवर ही खूण आढळली, कारण हे वाघ इतर जंगलांतल्या वाघांपासून तुटले आहेत. बाप-लेकीची जोडी राजवाड्यात लावली काय आणि रस्ते-वस्त्यांच्या वेढ्याने लागली काय, जनुकाला फरक कळत नाही. यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे धाडल्या गेल्या. परकी सोयरीक जुळवायची ही युक्ती मासुदांचीच म्हणायची. फक्त या वाघिणींना तिथल्या काळ्या वाघापासून बछडे झाले, तर बहुधा सगळे साधे पट्टेरीच निघतील.