छातीचा पट्टा, घरची सायकल आणि सकाळची गोळी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय 62, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलाने पुण्याहून व्यायामाची सायकल आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा पाठवला होता. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, कितीही पायडल मारा, आकडा 98च्या पुढे सरकत नाही. सायकल तर 110 मागते. म्हणून दोन दिवस सकाळची गोळी बंद करून पाहिली."

मी खुर्चीतून उठलोच. ती गोळी होती मेटोप्रोलॉलची. बीटा-ब्लॉकर या गटातील हे औषध ठोक्यांना लगाम घालते, हृदयावरचा ताण कमी करते. आकडा वाढत नव्हता, कारण औषध आपले काम चोख करीत होते! अशी गोळी एकाएकी थांबवली तर ठोके व रक्तदाब उसळतात आणि आधीच आजारी असलेल्या हृदयाला झटका येण्याची भीती असते. गुरुजींचे दैव चांगले, एवढेच म्हणायचे.

मग 110 हा आकडा आला कुठून? सायकलीत वय भरले की ती 220 मधून ते वजा करते. 62 वर्षांसाठी 158 उरतात, त्याचे 70 टक्के म्हणजे सुमारे 110. हा सरासरीचा हिशेब आहे. निरोगी माणसातही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला तर तो लागूच होत नाही. अशा रुग्णाने नेहमीची गोळी घेऊन स्ट्रेस टेस्ट करावी व आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

आता जोडणीविषयी, कारण हल्ली तेही विचारले जाते. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. त्याच्या आतील बाजूचे काळे पट्टे पाण्याने ओले करून तो छातीखाली घट्ट बसवावा. कोरड्या कातडीवर आकडा उड्या मारतो. पट्टा अंगाला लागल्यावरच जागा होतो, म्हणून आधी घालावा, मग सायकलीच्या पडद्यावर शोधावा. सापडत नसेल तर घरातला मोबाईल पाहा. बरेच पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. मोबाईलने तो आधीच धरून ठेवला असेल तर सायकलीला दिसत नाही. गुरुजींकडे हेच झाले होते, नातवाचा खेळ! मोबाईलमधील ते ॲप बंद केले की काम होते. अँट प्लस पद्धतीचे संकेत मात्र अनेक यंत्रांना एकाच वेळी घेता येतात. जुन्या काही सायकली व ट्रेडमिल फक्त 5 किलोहर्ट्झचे संकेत ओळखतात; त्यांना केवळ ब्लूटूथचा पट्टा चालत नाही. विकत घेण्याआधी दोन्ही खोक्यांवरची माहिती ताडून पाहावी.

पट्टा नको असेल तर सायकलीच्या मुठीवर पत्र्याच्या पट्ट्या असतात. हात घामट असले, हलले की त्यांचा आकडा बिघडतो. मनगटी घड्याळ कातडीखालील रक्ताचे येणे-जाणे प्रकाशाने मोजते. पट्टा सैल असेल तर तेही फसते. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी यापैकी काहीही वापरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

यंत्राशिवायची एक कसोटी मी सर्वांनाच सांगतो. पायडल मारताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. ही मध्यम गती. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी करा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, थंड घाम यांपैकी काही जाणवले तर पडद्यावर कितीही आकडा असो, ताबडतोब थांबा. आराम पडला नाही तर घरी वाट पाहत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

गुरुजींची गोळी त्याच दिवशी सुरू केली आणि त्यांना स्ट्रेस टेस्टसाठी पाठवले. अहवालानुसार त्यांना 85 ते 95 ही मर्यादा दिली. ती त्यांनी कागदावर लिहून सायकलीच्या पडद्याशेजारी चिकटवली आहे.