मोजलेला एक रंग, काढलेले दोन

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग टिपतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात पिक्सेलला रंग कळतच नाही. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ते किती सुटले, एवढंच तो मोजतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा सूक्ष्म फिल्टर बसवलेला असतो. लाल फिल्टरखालच्या पिक्सेलपाशी हिरवा आणि निळा प्रकाश किती होता, हे शेजारच्या पिक्सेलांच्या आकड्यांवरून काढावं लागतं. या गणिताला डिमोझेकिंग म्हणतात. म्हणजे साध्या डिजिटल फोटोतले रंगांचे दोन-तृतीयांश आकडे कुणी मोजलेलेच नसतात.

फिल्टरांची सर्वांत रुळलेली मांडणी ईस्टमन कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. १९७५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७६ मध्ये ते मिळालं. चार पिक्सेलांच्या प्रत्येक चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ‘निसर्गात हिरवळ जास्त, म्हणून हिरवा दुप्पट’ असं कारण अनेकदा सांगितलं जातं, पण झाडांचा इथे काही संबंध नाही. आपला डोळा बारकावे ओळखतो ते मुख्यतः उजेडाच्या फरकावरून, आणि दिवसाउजेडी तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. बायर यांनी पेटंटमध्ये हिरव्या पिक्सेलांकडे उजेड टिपण्याचं काम सोपवलं आहे, लाल-निळ्यांकडे रंगाचं. त्यामुळे फोटो हिरवटही होत नाही, कारण गणितानंतर प्रत्येक जागी तिन्ही रंगांचा एकेकच आकडा असतो.

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलेलं अस्सल चित्र, हाही असाच एक समज. बहुतेक रॉ फायलींमध्ये पिक्सेलागणिक एकच आकडा असतो. संगणकावर ती उघडताच रंगीत चित्र दिसतं, कारण सॉफ्टवेअरनं डिमोझेकिंग आधीच उरकलेलं असतं. एकच रॉ फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये थोडी वेगळी दिसते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

मेगापिक्सेलचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. बायर मांडणीच्या ४८ मेगापिक्सेल सेन्सरवर २.४ कोटी हिरवे आणि १.२-१.२ कोटी लाल व निळे पिक्सेल असतात. सोनीनं २०१८ मध्ये मोबाइलसाठी आणलेल्या ४८ मेगापिक्सेल सेन्सरमध्ये तर एकाच रंगाचे चार-चार पिक्सेल एकत्र बसवलेले आहेत. अंधुक प्रकाशात त्या चौघांचं मिळून एक मोजमाप घेतलं जातं आणि फोटो १२ मेगापिक्सेलचा होतो. यात फसवणूक नाही, त्यानं फोटोतली खरखर खरोखर कमी होते. मात्र खोक्यावरचा आकडा रंगांच्या तपशिलाचा आहे असं मानू नये.

आता सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज: गणितानं काढलेला रंग म्हणजे बनावट रंग. शेजाऱ्यांची सरसकट सरासरी काढली, तर ही शंका खरी ठरते. पांढऱ्या भिंतीसमोर काळी तार असेल, तर सरासरीत तार आणि भिंत मिसळतात, कडेला दातेरी रेघ उमटते आणि मुळात नसलेले रंग दिसू लागतात. चांगली पद्धत आधी कड कुठल्या दिशेला आहे ते तपासते आणि कडेच्या आरपार न जाता तिच्या लांबीच्या दिशेनं हिशेब करते. शिवाय तिला वस्तूंचा एक गुणधर्म उपयोगी पडतो. उजेड झपाट्यानं बदलतो तिथेही लाल आणि हिरव्यातला फरक सहसा हळूच बदलतो. म्हणून दाट नोंद असलेला हिरवा आधी पूर्ण करायचा आणि त्याच्या आधारानं उरलेले दोन बसवायचे. माझ्या मते या साऱ्या तंत्रातली सर्वांत सुंदर कल्पना हीच.

ती सगळीकडे पुरत नाही. बारीक रेघांच्या शर्टावर तरंगते रंगीत पट्टे दिसतात, ते कापडाची वीण पिक्सेलांच्या जाळीपेक्षा बारीक पडल्यामुळे. त्यावर उपाय म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर प्रतिमा किंचित धूसर करणारी काच बसवत. फुजीफिल्मनं २०१२ मध्ये ती टाळून मांडणीच बदलली: ३६ पिक्सेलांच्या चौकोनात २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. फोव्हिऑनच्या सेन्सरनं तर फिल्टरच वगळले. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये वरच शोषला जातो, लाल खोलवर जातो, म्हणून त्यात एकाखाली एक तीन थर असतात. पण तिथेही थरांच्या नोंदींतून शुद्ध रंग वेगळे काढायला गणित लागतंच.

या गणिताची खूण फोटोत उरते. काढलेले आकडे शेजाऱ्यांशी ठरावीक नात्यानं बांधलेले असतात आणि ते नातं जाळीगणिक परत परत येतं. २००५ मध्ये अ‍ॅलिन पोपेस्कू आणि हॅनी फरीद यांनी दाखवलं, की फोटोचा एखादा भाग बदलला तर तिथे हे नातं तुटू शकतं आणि ते तुटणं शोधून काढता येतं. ज्या हिशेबाला लोक बनावट म्हणतात, त्याच्याच खुणांवरून खाडाखोड पकडता येते.