आभासी पाळीव प्राण्यांचे संगोपन : ‘तामागोची’ व ‘नॉर्न’ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

भातुकली खेळणारे मूल बाहुलीला भूक लागल्याचे स्वतःच ठरवते आणि स्वतःच तिला भरवते. बाहुली स्वतःहून काही मागत नाही. १९९६ साली मात्र मागणी करणारी खेळणी घरोघरी पोहोचू लागली. जपानच्या बांदाई कंपनीने त्या वर्षी ‘तामागोची’ हे अंड्याच्या आकाराचे, तीन बटणांचे खेळणे विक्रीस आणले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टीव्ह ग्रँड यांनी रचलेला ‘क्रीचर्स’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला. दोन्हींत अंड्यातून बाहेर येणाऱ्या जीवाला वाढवायचे असते; परंतु दोन्हींमागील ‘वाढवणे’ या शब्दाचा अर्थ भिन्न आहे. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

कृत्रिम जीवन : संकल्पना

सजीवांचे वर्तन संगणकात घडवून त्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेस ‘कृत्रिम जीवन’ म्हणतात. १९८७ साली ख्रिस्तोफर लँग्टन यांनी अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे भरवलेल्या परिषदेमुळे ही संज्ञा रूढ झाली. या शाखेची मूळ कल्पना जॉन कॉनवे यांच्या १९७० सालच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये स्पष्ट दिसते. त्यात चौकटींच्या पटावरील प्रत्येक घर ‘जिवंत’ वा ‘मृत’ असते आणि त्याची पुढील अवस्था केवळ त्याच्या सध्याच्या अवस्थेवरून व शेजारच्या आठ घरांवरून ठरते. एवढ्या साध्या नियमांतून पटावर सरकणाऱ्या व स्पंदन पावणाऱ्या आकृती निर्माण होतात. त्या आकृती कोणी नियमांत लिहून ठेवलेल्या नसतात. वर्तन वरून लादण्याऐवजी ते खालून उद्भवू द्यावे, हे या शाखेचे सूत्र होय.

तामागोची : वेळापत्रकाचे संगोपन

मूळ तामागोचीची भूक व आनंद प्रत्येकी चार बदामांनी दाखवले जात. वेळ जाईल तसे बदाम रिकामे होत. यंत्र आवाज करून पालकाला बोलावी. खाऊ घालणे, खेळवणे, औषध देणे, विष्ठा साफ करणे व शिस्त लावणे ही पालकाची कामे. काळजी कशी घेतली यावरून मोठेपणीचे रूप ठरे आणि हेळसांड झाल्यास तो जीव मरे. वर्गात वाजणाऱ्या या हाकांमुळे १९९७ मध्ये अनेक देशांतील शाळांनी या खेळण्यावर बंदी घातली.

येथे जीवाची प्रत्येक अवस्था निर्मात्याने आधीच ठरवलेली असते. तामागोची काही शिकत नाही. पालकाने कितीही निष्ठेने सेवा केली, तरी तो स्वतःचे अन्न कधीच शोधत नाही. पालकाची गरज संपू नये, अशीच त्याची रचना आहे.

नॉर्न : शिक्षणाचे संगोपन

‘क्रीचर्स’मधील ‘नॉर्न’ नावाच्या जीवांची घडण तीन स्तरांवर होते. पहिला स्तर मेंदूचा. सुमारे १,००० कृत्रिम चेतापेशी व त्यांना जोडणारे सुमारे ५,००० दुवे यांतून तो तयार होतो. दुसरा स्तर रसायनांचा. अन्न खाल्ल्यावर शरीरातील रसायनांचे प्रमाण बदलते, भूक शमते आणि त्याबरोबर ‘बक्षीस’ ठरणारे रसायन वाढते. त्यामुळे नुकत्याच केलेल्या कृतीशी संबंधित दुवे बळकट होतात. वेदनेच्या वेळी याउलट घडते. तिसरा स्तर जनुकांचा. मेंदूची व रसायनांची रचना जनुकांत नोंदलेली असते. नर-मादीच्या मीलनातून ती मिसळते आणि क्वचित तीत उत्परिवर्तनही होते.

नॉर्नला थेट आज्ञा देऊन चालवता येत नाही. वस्तूकडे लक्ष वेधून तिचे नाव टंकलिखित करायचे, योग्य कृतीनंतर गुदगुल्या करायच्या आणि अयोग्य कृतीनंतर चापट मारायची, एवढेच पालकाच्या हाती असते. चापट अवेळी बसली, तर नॉर्न भलताच धडा शिकतो. खाण्याच्या क्षणी मार खाल्लेला नॉर्न अन्नापासून दूर राहू लागण्याचा धोका असतो. शिकलेले ज्ञान जनुकांतून पुढे जात नसल्याने प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते. मात्र नीट शिकलेला नॉर्न भूक लागताच स्वतः अन्नाकडे जातो. त्या क्षणी पालकाचे एक काम कमी होते, आणि तेच त्याचे यश असते.

नैतिक प्रश्न

नॉर्नला खरोखर वेदना होते काय? काही खेळाडूंनी नॉर्नांचा मुद्दाम छळ केला, तेव्हा इतर खेळाडूंनी त्याचा तीव्र निषेध केला. एक हजार चेतापेशींच्या प्रतिकृतीला जाणीव असते, असे मानण्यास आधार नाही. तथापि, छळ करणाऱ्याच्या हाताला लागणारी सवय आणि सांभाळ करणाऱ्याच्या मनात रुजणारा संयम या गोष्टी आभासी नाहीत. मुलाने बाहुलीचा हात पिरगळला, तर घरातील वडीलधारी मंडळी त्याला रागावतात, ते बाहुलीसाठी नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, संगोपन या क्रियेची कसोटी परावलंबन कमी होण्यात आहे. माळी रोपाला आधाराची काठी लावतो, ती पुढे काढता यावी म्हणूनच. या कसोटीवर तामागोचीचे पालन ही सेवा ठरते आणि नॉर्नचे पालन हे संगोपन ठरते. आज मोबाइलवर बोलणारे, आपली आठवण काढणारे आभासी सोबती उपलब्ध झाले आहेत. मुलांच्या हाती असा सोबती देताना पालकांनी व शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : मुलाने मनापासून काळजी घेतल्यानंतर हा सोबती त्याला थोडा मोकळा करतो, की अधिकच जोराने हाक मारतो? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या सोबत्याचे शैक्षणिक मूल्य ठरवता येईल.