डोंगलमधली सही

कंधार तालुक्यातली कुठलीही ग्रामपंचायत घ्या. वित्त आयोगाच्या निधीतलं बिल काढायचं म्हटलं, की आधी डोंगल शोधावं लागतं. ठेकेदाराच्या खात्यात पैसे जायचे तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच, दोघांचीही डीएससी, म्हणजे डिजिटल सही, पडावी लागते. राज्यात १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागलेला सातबाराही अशाच सहीचा.

हे डोंगल दिसतं पेनड्राइव्हसारखं, पण आत एटीएम कार्डावर असते तसली चिप आहे आणि ती वाचणारा रीडरही तिथंच. लॅपटॉपला वाटतं, रीडर जोडलाय आणि त्यात कार्ड कायमचं खोचलंय. लॅपटॉप बदलला की डोंगल ‘दिसत’ नाही, ते बहुतेक वेळा ड्रायव्हर टाकायचा राहिल्यामुळे. चिपला बॅटरी नसते. यूएसबीतून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर ती चालते.

गंमत पुढं आहे. फाइल केवढीही असो, लॅपटॉप गणित करून तिचा ३२ बाइटचा गोषवारा काढतो. त्याला हॅश म्हणतात. रकमेतला एक आकडा बदलला तरी हॅश पार बदलतो. चिपकडे जातो तो फक्त हॅश. पिन बरोबर असेल तर चिप आपल्या गुप्त किल्लीनं त्यावर आकडेमोड करून २५६ बाइटची सही परत देते. किल्ली मात्र चिपबाहेर येतच नाही, त्यामुळे लॅपटॉप चोरून काही हाती लागत नाही. कंधारचा किल्ला ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवर गरुडमुद्रा असे. मजकूर कोणताही असो, मुद्रा तीच. डोंगलची सही मात्र मजकुरागणिक वेगळी. एका बिलाची उचलून दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

एवढी पक्की व्यवस्था आपण मोडतो ती सोयीपोटी. सरपंचाचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन त्यावरच्या चिकटपट्टीवर, असं असेल तर किल्ली दोन हजार बिटांची असून उपयोग काय? चिपला ना डोळे, ना पडदा. पिन कुणी दाबला आणि हॅश कोणत्या बिलाचा, हे तिला कळत नाही. कायद्याच्या लेखी मात्र सही सरपंचाचीच. पिन बदलायची सोय डोंगलच्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि काम झाल्यावर डोंगल काढून खिशात टाकायला पैसे पडत नाहीत.